उरलेल्या नऊ काचा

३ मार्च, सोमवार

ही वही ह्यांनी आणली. टेबलावर ठेवली, वर पेन ठेवलं आणि म्हणाले, "तू हल्ली बोलत नाहीस. निदान लिहीत जा."

मी म्हटलं, "बोलून काय, तुम्ही ऐकता कुठे?"

"म्हणूनच वही आणली."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण शेवटचा शब्द अजून त्यांचाच.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज तीन ओळी लिहायला लावायच्या. शाई निळी हवी आणि खोटं नको. शनिवारी वह्या गोळा व्हायच्या. मी एकदा लिहिलं, 'आज मी शहाण्यासारखी वागले.' सिस्टरनी समासात विचारलं, 'कोणाच्या मते?' आज चाळीस वर्षांनी ते बारीक, तिरपं अक्षर डोळ्यांपुढे आलं आणि उगाच रडू फुटलं. हल्ली कशानेही फुटतं. परवा बसमध्ये कोणीतरी उठून जागा दिली तेव्हाही फुटलं होतं.

तर खरं लिहायचं ते असं. आज मी अठ्ठ्याऐंशी स्लाइड पाहिल्या आणि त्यांतली एकही मला आत्ता आठवत नाही.

५ मार्च, बुधवार

मी काय काम करते असं कोणी विचारलं, तर 'लॅबमध्ये असते' एवढंच सांगते. नातेवाइकांना वाटतं मी रक्त काढते. धाकट्या नणंदेने तर एका लग्नात सगळ्यांसमोर हात पुढे करून विचारलं होतं, "वहिनी, माझी शीर सापडते का बघा हो, कोणाला सापडत नाही."

काम असं आहे. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी मऊ ब्रश फिरवून पेशी घेतात, काचेवर पसरून रंगवतात आणि ती काच माझ्यापुढे येते. मायक्रोस्कोपखाली मी ती डावीकडून उजवीकडे वाचते, मग एक ओळ खाली सरकून उजवीकडून डावीकडे. शेत नांगरावं तशी. संशयाची पेशी दिसली की तिच्या शेजारी पेनाने बारीक ठिपका द्यायचा. ठिपक्याची काच लॅबच्या डॉक्टरांकडे जाते. बिनठिपक्याची माझ्या सहीवर सुटते. काच म्हणजे ती बाईच. 'तुम्हाला काही नाही' असं ऐकून ती घरी जाते.

या सुटलेल्या काचांतली दहात एक शेजारच्या टेबलावर पुन्हा पाहिली जाते. तसा नियमच आहे. उरलेल्या नऊ कोणी पाहत नाही. सत्तावीस वर्षांत या नऊंचा विचार मी कधी केला नव्हता. आता दात घासतानाही त्याच डोक्यात असतात.

गेल्या वर्षी दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. साठाच्या नव्वद झाल्या. शेजारच्या टेबलावर रेडिओ बसतात. खरं नाव मलाही आठवून सांगावं लागेल, कारण आल्यापासून जाईपर्यंत त्यांचं बोलणं नाहीतर गुणगुणणं चालू असतं. निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आज म्हणाले, "बाई, त्या काचेने तुमची चप्पल पळवलीय का? कसं बघताय तिच्याकडे."

मी हसले. मग तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

८ मार्च, शनिवार

हे कोणाला सांगितलेलं नाही. गुरुवारपासून मी सकाळी सव्वासहाला लॅबमध्ये जाते. तेव्हा कोणी नसतं. तिसऱ्या कपाटात माझ्या जुन्या काचा महिन्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. त्यांतल्या तीसेक काढते, पुन्हा पाहते आणि आठच्या आत जागच्या जागी ठेवते. कपाटाची नोंद न करता काच काढायची नाही हे मला माहीत आहे. नवीन आलेल्यांना तो नियम मीच शिकवते.

आठवडाभरच करणार आहे. एकदा खात्री झाली की झालं.

खात्री होते. कपाट बंद करेपर्यंत टिकते.

ह्यांना डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय म्हणे. तेही माझ्याबरोबर निघतात आणि लॅबच्या दारापर्यंत येतात. मी वर जाऊन खिडकीतून पाहिलं तर खाली तसेच उभे. चालायला सांगितलंय, उभं राहायला नाही, हे एकदा बोलायला हवं.

९ मार्च, रविवार

ध्यानीमनी नसताना टाचणी आली. ह्यांना मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. शाळेत हिच्याइतकं सडपातळ कोणी नव्हतं, म्हणून टाचणी. आता तिच्यातून चार टाचण्या निघतील, पण नाव राहिलं. कपडे दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. सैल झालेलं आवळायचं, आखूड झालेलं सोडायचं, चेन बदलायची.

"माझ्याकडे ये," म्हणाली. "भागीदार म्हणून. माझे डोळे दमले आता."

"आणि माझे डोळे काय कालच आणलेत?"

"तुझा हात चांगला होता गं. सिस्टर तुझ्या शिवणाची उलटी बाजू वर्गात फिरवायच्या, आठवतं का? सुलटी सगळ्यांचीच बरी दिसते म्हणायच्या."

आठवतं तर. लांब खोली, तिरपं ऊन, चाळीस मुली आणि सुया कापडातून जातानाचा तो बारीक आवाज. त्या खोलीत मला कधीच कशाची भीती वाटली नाही.

मी चहा करायला उठले तर म्हणाली, "तुला नको, आधीच तुला झोप नाही." मला झोप लागत नाही हे हिला कसं कळलं कोण जाणे. तोंडावरच दिसत असेल.

१३ मार्च, गुरुवार

आज माझ्या ट्रेमध्ये साठच काचा. विचारलं नाही. डॉक्टरांनी कमी केल्या असणार. म्हणजे त्यांना काहीतरी कळलंय. निदान शंका तरी आली आहे.

रेडिओंच्या टेबलावर मात्र दोन ट्रे आणि गुणगुणणं बंद. डॉक्टरांचा या साहेबांवर भरवसा वाढलेला दिसतो. मी म्हटलं, "काय, बढती का?" तर म्हणाले, "हो ना, गाढवाचा घोडा झालोय." आणि पुन्हा खाली बघून वाचायला लागले. जेवणाच्या सुट्टीतही उठले नाहीत. माणूस वर चढला की बदलतो म्हणतात ते काही खोटं नाही.

आठवडा संपला. सकाळचं जाणं मात्र सुरूच आहे. आता डिसेंबरच्या काचा चालू आहेत.

१६ मार्च, रविवार

काल दुपारी आणि आज दिवसभर टाचणीच्या दुकानात. बसून तर बघू, म्हणून.

काल फार छान वाटलं. उसवायला बसले होते. जुन्या कोटाचं अस्तर काढायचं होतं. धागा कापायचा, ओढायचा, कापायचा, ओढायचा. चुकलं तर काय, कोट आहे. कोणी मरत नाही. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "राजीनामा लिहूनच टाकते." ते म्हणाले, "लिही." इतक्या पटकन म्हणाले की मलाच धास्ती वाटली. मग पेन्शन, मग माझं वय, मग चौपन्नाव्या वर्षी दुकानात बसलेली मी, असं सगळं डोळ्यांसमोर आलं आणि कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये गेला.

आज एका स्कर्टची कड घातली. घडी करून ठेवला, पुन्हा उघडून पाहिला. गिऱ्हाईक न्यायला आलं तेव्हा म्हटलं, एक मिनिट, आणि परत उलटून पाहिला. टाचणी हसत म्हणाली, "अगं, स्कर्ट आहे तो, परीक्षेचा पेपर नाही."

नवीन काम आहे, सवय होईल.

१८ मार्च, मंगळवार

सापडली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली काच. खालून चौथ्या ओळीत एक पुंजका. मोठ्या पेशी, केंद्रकं फुगलेली, गडद. शेजारी ठिपका नाही. खाली माझी सही.

तिथेच बसून राहिले. तीन महिने ती बाई 'काही नाही' असं समजून हिंडते आहे.

डॉक्टरांना सांगायला हवं. पण सांगायचं तर ती काच हातात आली कशी हेही सांगावं लागेल. मग कपाट निघेल, सकाळ निघेल, बारा दिवस निघतील. आणि मग विचारतील, अजून किती?

तिच्या फॉर्मवरून फोन नंबर उतरवून घेतला. फॉर्मवर लिहिलंय, व्यवसाय : पोहणे शिकवते. वय अडतीस.

१९ मार्च, बुधवार

मी जे केलं ते लिहिते.

दुपारी लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून त्या बाईंना फोन केला. म्हटलं, "लॅबमधून बोलतेय. नेहमीची फेरतपासणी आहे. पुन्हा नमुना देऊन जा." त्या म्हणाल्या, "काही निघालंय का?" मी म्हटलं, "नाही नाही, नेहमीचंच. पण लवकर या."

पलीकडे पाण्याचा आवाज आणि लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "लवकर म्हणजे किती लवकर?"

माझा बेत असा की नवा नमुना रीतसर येईल, कोणाच्या तरी टेबलावर जाईल, ठिपका पडेल, उपचार सुरू होतील. बाई वाचेल आणि मलाही कोणी विचारणार नाही. बाईंसाठी केलं असं मनाला सांगत होते. आता वहीत लिहिताना ते तसं लिहवत नाही.

जेवणाच्या वेळी हे म्हणाले, "आज काय झालं?" मी म्हटलं, "कुठे काय." त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. बरं झालं.

२१ मार्च, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या बाई फोननंतर थेट आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्या डॉक्टरांनी आमच्या लॅबला विचारलं, कसली फेरतपासणी? कोणी बोलावलं? आमच्याकडे नोंदच नाही. अकरा वाजता आमच्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. कपाट, सकाळ, नंबर, जिना. मग कपाटातून ती काच आणून त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मला काढायचं तर काढा, पण आधी ही बघा."

डॉक्टर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. शिकायला आल्या तेव्हा वर्षभर माझ्याच शेजारी बसायच्या. त्यांनी काच लावली. पाहिली. पुन्हा पाहिली. मग खुर्ची बाजूला सरकवून मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसा. बघा. काय आहे ते मला सांगा."

मी पाहिलं. म्हटलं, "मोठ्या आहेत. गडद आहेत."

"आणि?"

"आणि..." मग मला दिसलं. त्या पेशी एकमेकींना धरून होत्या, चादरीसारख्या, एकाच दिशेने. रोगाच्या पेशी सुट्या भरकटतात. या सूज येऊन गेल्यावर झीज भरून काढणाऱ्या पेशी होत्या. स्वच्छ काच होती ती. डिसेंबरमधली माझी सही बरोबर होती.

डॉक्टर म्हणाल्या, "या मला पहिल्या वर्षी तुम्हीच दाखवल्या होत्या. 'डॉक्टर, या भुंकतात पण चावत नाहीत,' असं म्हणाला होतात."

आनंद व्हायला हवा होता. मी काच काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. इतके दिवस भीती होती की असलेलं मला दिसत नाही. आज कळलं, नसलेलं दिसायला लागलंय.

२४ मार्च, सोमवार

पोहायला शिकवणाऱ्या बाई आल्या. डॉक्टरांनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, काही नाही हेही सांगितलं होतं. तरी त्या म्हणाल्या, नमुना पुन्हा घ्या. घेतला. मग म्हणाल्या, मला फोन करणाऱ्यांना भेटायचंय.

मी बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसले. उंच, रुंद खांद्यांच्या, केस अजून ओले. सत्तावीस वर्षांत एवढ्या काचा वाचल्या, पण काचेमागची बाई शेजारी बसली नव्हती.

"तुम्ही नेहमीचं म्हणालात," त्या म्हणाल्या, "पण तुमचा आवाज कापत होता. फोन ठेवला आणि मुलांना पाण्यातून बाहेर काढलं. पाच दिवस शिकवलं नाही. आईला सांगितलं. तिला सांगायला नको होतं."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"ते डॉक्टर म्हणाल्या. मी काय म्हणते, मी तुमचं कुठलं खरं धरू? डिसेंबरचं, बुधवारचं की आजचं?"

"डॉक्टरांचं धरा."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "पाण्यात घाबरलेल्या माणसाकडे आम्ही समोरून जात नाही. तो वाचवायला आलेल्यालाच धरतो आणि दोघंही खाली जातात. मी तर वाचवायलाही आले नव्हते. मी काठावर उभी होते. तुम्ही मला धरलंत."

"हो," मी म्हटलं. मग तोंडातून निघून गेलं, "मी फार थकलेय हो." हे मी ह्यांनाही म्हटलं नव्हतं, या वहीतही नाही.

मला वाटलं, त्या काहीतरी मायेचं बोलतील. त्या उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "आता आत जाऊन काचा बघणार तुम्ही?"

"चाळीस आहेत आज."

"त्या चाळीस बायकांना हे माहीत आहे?"

आणि गेल्या. मी आत जाऊन ट्रे पुढे ओढला. पहिली काच लावली. काढून ठेवली. डोकं दुखतंय असं सांगून घरी आले.

२६ मार्च, बुधवार

त्यांचा नवा नमुना स्वच्छ आला. डॉक्टरांनी स्वतः पाहिला. मी वाचायला मागितला नाही.

२७ मार्च, गुरुवार

डॉक्टरांना म्हटलं, मला काचांवरून मोकळं करा.

त्या म्हणाल्या, "तीन महिने रजा घ्या, ताई. झोपा. परत या. दुसऱ्या कोणाला मी एवढं म्हणाले नसते."

"रजेवर गेले तर परत यायचंय या धास्तीतच तीन महिने जातील. आणि परत आले तर पहिल्या दिवशी सकाळी सव्वासहाला येईन."

"फोनचं मी वर कळवलंय. ते मिटेल. त्यासाठी जात असाल तर नका जाऊ."

"त्यासाठी नाही. त्या दिवशी तुम्ही काच दाखवलीत तर दिसलं. तुम्ही नसता तर? माझ्या सहीवर आता मीच घरी जाणार नाही."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "मीच उशीर केला. काचा कमी केल्या, वाटलं तेवढ्याने भागेल. रेडिओंनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, बाईंच्या तीस माझ्याकडे द्या म्हणून."

त्या दोन ट्रेंचा अर्थ मला आत्ता लागला. मी त्यांना बढतीवरून टोमणा मारला होता.

३० मार्च, रविवार

टाचणीकडे गेले. तिला वाटलं मी कायमचीच आले. तिने माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची पुसून ठेवली होती. ती पाहून बोलणं आणखी अवघड झालं.

म्हटलं, "नाही जमणार गं."

"का? कोणी मरत नाही म्हणाली होतीस ना इथे?"

"कोणी मरत नाही तरी मी तीनदा उलटून बघते. कापड बदललं, मी तीच. तुझी गिऱ्हाइकं दारात ताटकळतील आणि तू मला काही बोलणार नाहीस. आगीतून फुफाट्यात."

"मग करणार काय?"

"माहीत नाही."

"चौपन्नाव्या वर्षी माहीत नाही?"

"सोळाव्या वर्षी तरी कुठे माहीत होतं?"

"तेव्हा सांगायला सिस्टर होत्या." तिने मोजपट्टी गळ्यातून काढली, पुन्हा घातली. "आता मी त्यांना काय सांगू?"

"कोणाला?"

"गिऱ्हाइकांना."

गिऱ्हाइकांना माझ्याशी काय करायचंय, कोण जाणे. टाचणीचं बोलणं शाळेतही असंच अर्धवट असायचं.

१ एप्रिल, मंगळवार

राजीनामा दिला. लिहायला दहा मिनिटं लागली, पाकिटात घालायला दोन दिवस.

भीती कमी होईल असं वाटलं होतं. ती तिथेच आहे, फक्त आता तिला काम नाही. ह्यांना विचारलं, "आता मी दिवसभर घरी काय करू?" ते म्हणाले, "आधी काही न करून बघ." "ते मला येत नाही." "शिकवणी लाव." "कोणाकडे?" "माझ्याकडे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, माझा हात बसलाय."

हसू आलं. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

शेवटचा दिवस. डॉक्टर म्हणाल्या, आज काचा नकोत, नुसतं भेटून जा. मीच मागितल्या. अठरा घेतल्या, आणि म्हटलं, माझ्या सहीच्या आज सगळ्या पुन्हा पाहा, दहात एक नको. त्या बरं म्हणाल्या.

पहिल्या आठ-नऊ नीट गेल्या. इतक्या नीट की मनात आलं, चूक तर करत नाही आहे ना मी? काय सुंदर असतात त्या, निळ्या-गुलाबी, कोणी जलरंगाने टिपल्यासारख्या. तरुणपणी घरी येऊन मी ह्यांना रंग सांगत बसायचे. ते सांगणं कधी थांबलं ते आठवत नाही.

अकरावीवर सही केली. बारावी लावली, दोन ओळी वाचल्या आणि लक्षात आलं की दुसरी ओळ मी दुसऱ्यांदा वाचतेय. मग तिसऱ्यांदा. पेन खाली ठेवलं. रोज याच क्षणी मी मान हलवून, डोळे चोळून पुढे जात असे. नव्वद संपेपर्यंत.

बारावीपासूनच्या सात काचा ट्रेसकट उचलल्या आणि रेडिओंच्या टेबलावर ठेवल्या.

"या काय, पाहिलेल्या?" त्यांनी विचारलं.

"न पाहिलेल्या."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं. मला वाटलं काहीतरी विनोद करतील. "ठेवा," म्हणाले, आणि आपला दुसरा ट्रे सरकवून जागा केली. मी म्हटलं, "तेव्हा बढतीवरून बोलले ते..." "कोण बोललं? मी तर घोडा आहे," म्हणाले, आणि काच लावली.

उद्या सकाळी जाग येईल तेव्हा कुठे जायचं हे मला माहीत नसेल, आणि त्याची धडधड आत्तापासूनच आहे. टाचणीकडे नाही, इथे नाही. पण आजच्यापुरतं एवढं लिहिता येतं. अकरा काचांवर माझी सही आहे, त्या मी पाहिल्या. सात मी पाहिल्या नाहीत, आणि तसं सांगितलं.